कापसाचे बोळे

पुण्यात सिंहगड रस्त्यावर माझं पार्लर आहे. दहा बाय चौदाचा गाळा, आरशासमोर दोन खुर्च्या आणि पडद्यामागे फेशियलचा एक बेड. १९९९ च्या दसऱ्याला मी पहिल्यांदा शटर वर केलं, तेव्हा समोरच्या रिकाम्या प्लॉटवर म्हशी बांधलेल्या असायच्या. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलची दुकानं. या पंचवीस वर्षांत किती चेहरे हाताखालून गेले, ते कधी मोजलं नाही. पण मुलींना मी नावापेक्षा रस्त्यानं जास्त ओळखते. हिंजवडीवाली, खराडीवाली, डेक्कनवाली. राहतात सगळ्या इथेच, आनंदनगर, वडगाव, धायरी भागात; रोज जिथपर्यंत गाडी हाकतात, ते त्यांचं नाव. ही नावं मुळात वेळेच्या हिशेबानं पडली. हिंजवडीवाली संध्याकाळी साडेआठच्या आत उगवत नाही, तेव्हा तिच्यासाठी शेवटची खुर्ची राखून ठेवायची, एवढाच अर्थ होता. पुढे पुढे मला वाटायला लागलं की चेहरा पुसला की बाईचा रस्ता कळतो.

पुसणं म्हणजे काय ते सांगते, कारण माझं बरंचसं शहाणपण तिथूनच आलंय, आणि चुकाही. बाई बेडवर आडवी झाली की केस पट्ट्यात बांधायचे आणि चेहऱ्यावर क्लिन्झिंग मिल्कचे पाच ठिपके द्यायचे. बोटांनी गोल गोल फिरवायचं. मग कापूस ओला करून, पिळून, त्याचा चपटा बोळा करून खालून वर पुसत जायचं. पहिल्या बोळ्यावर मी बरंच काही ठरवते. घरात असणाऱ्या बाईचा बोळा पिवळट निघतो, थोडी पावडर, थोडं तेल. गाडीवरून येणाऱ्या मुलीचा राखाडी. डिसेंबर-जानेवारीत तोच बोळा पाटीवरच्या पेन्सिलीच्या रंगाचा होतो. नाकपुडीच्या बाजूच्या खाचेत तर बोट फिरवलं की काजळ पुसल्यासारखं येतं. सगळ्यात गंमत कानामागे. स्कार्फ जिथे संपतो, तिथे मानेवर एक रेघ असते. वर स्वच्छ, खाली मळकट.

तो काळा बोळा मी मुद्दाम गिऱ्हाइकासमोर धरायची. ‘बघा मॅडम, किती घाण होती!’ बाई हबकायची आणि साध्या क्लीनअपसाठी आलेली फेशियल करून जायची. नाकावरचे ब्लॅकहेड्स लोखंडी एक्स्ट्रॅक्टरनं दाबून काढले की टिश्यूवर ठेवून तेही दाखवायची. काळ्या डोक्याचे ते बारीक खिळे म्हणजे रस्त्यावरची धूळच, असं मी छातीठोकपणे सांगत होते. दहा-बारा वर्षं सांगितलं. ते साफ चूक होतं, हे मला फार उशिरा समजलं. ब्लॅकहेडचं डोकं धुळीनं काळं नसतं. छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशी अडकून राहतात, वरचं तोंड उघडं राहतं, आणि त्यातलं आपल्याच कातडीचं रंगद्रव्य नि तेल हवा लागून काळवंडतं. कापलेलं सफरचंद काळं पडतं, तसं काहीसं. म्हणजे कितीही धुतलं तरी ते जाणार नाही.

हे शिकण्याची वेळ आली ती एका डेक्कनवालीमुळे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. गालांवर लालसर, दुखऱ्या पुटकुळ्या. आई सोबत आलेली आणि आईचं बोलणं दारातूनच सुरू: ‘हिला सांगा जरा काकू, वडापाव बंद कर म्हणून. तोंड धुवायला नको, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचं.’ मुलगी खाली मान घालून बसली होती. मी तिचा चेहरा पुसला, बोळा काळा निघाला, आणि मला वाटलं, एवढी घाण आहे, ती घासून निघाली पाहिजे. तेव्हा अक्रोडाच्या कवचाची भरड असलेला स्क्रब फार चालायचा. तो घेऊन मी त्या सुजलेल्या गालांवर चांगली पाच मिनिटं चोळला, वर वाफ दिली, आणि पिकलेल्या दोन पुटकुळ्या फोडल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हटलं, ‘थोडं सोसायला लागतं गं.’

चौथ्या दिवशी आई पुन्हा आली, या वेळी माझ्यावर ओरडायला. मुलीचे दोन्ही गाल लालबुंद झाले होते, फोडलेल्या जागी गाठी आल्या होत्या. पैसे परत द्यायला लागले तर तिनं ते काउंटरवरून माझ्याकडे सरकवले आणि गेली. ते दोन डाग त्या मुलीच्या गालावर कितीतरी दिवस दिसत राहिले. रस्त्यात भेटली की ती हसायची. मी मात्र समोरच्या दुकानातलं काहीतरी बघायला लागायचे.

तिला बरं केलं ते जवळच्याच एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी. पुढे त्या भुवया करायला माझ्याकडे यायला लागल्या. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. दोरा भुवईवर असताना माणूस फार बोलू शकत नाही, त्यामुळे आमचं बोलणं दोरा संपल्यावर, उभ्या उभ्या व्हायचं. एकदा धीर करून विचारलं, ‘डॉक्टर, एवढी धूळ असते चेहऱ्यावर, मग घासून काढली तर बिघडलं कुठे?’

त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या बोळ्यावर जे दिसतं ते ढोबळ. बारीक ते दिसतच नाही.’ मग मला समजेल असं सांगायचं म्हणून त्यांनी दोऱ्यात अडकलेला स्वतःच्याच भुवईचा केस हातात धरला. डोक्याच्या केसाची जाडी साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन. हवेतल्या ज्या कणांना पीएम २.५ म्हणतात, ते अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान. म्हणजे केसाच्या जाडीत वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील. डिझेलचा धूर, जाळलेला कचरा, भट्ट्या यांतून ते येतात आणि त्यांच्या अंगाला जळक्या इंधनातली रसायनं चिकटलेली असतात. धड कातडी त्यांना बऱ्यापैकी बाहेर ठेवते. पण वरचं कवच दुखावलेलं असेल, तर केसांच्या छिद्रांवाटे ते आत शिरू शकतात. ‘आणि ते कवच,’ त्या माझ्या स्क्रबच्या डब्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुम्ही अक्रोडानं घासून काढता.’

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला आणखी पटली, कारण ती स्वयंपाकघरातली होती. आपल्या चेहऱ्यावर जे तेल पाझरतं, त्यात स्क्वालीन नावाचा एक भाग असतो, दहा-बारा टक्के. तो फार लवकर खराब होतो. ऊन, गाड्यांच्या धुरातून उन्हात तयार होणारा ओझोन, धुरातले कण, यांपैकी काहीही लागलं की तो बिघडतो. शेंगदाण्याचा डबा उघडा राहिला की दाणे खवट होतात ना, तसंच चेहऱ्यावरचं तेल खवटतं. हे खवट तेल छिद्राच्या तोंडाशी सूज आणतं, तिथल्या पेशी जास्त वाढतात, तोंड बुजतं आणि आत तेल साचून राहतं. त्या साचलेल्या तेलात कातडीवर नेहमीच राहणारे जंतू वाढले की झाली पुटकुळी. मी इतकी वर्षं पिंपल म्हणजे बाहेरची घाण छिद्रात जाऊन बसली असं समजत होते. इथे तर तेल आपलंच. बाहेरची हवा ते नासवते. त्या रात्री घरी जाऊन मी खरंच दाण्यांचा डबा उघडून वास घेतला. मुलगा म्हणाला, ‘आई, काय करतेस?’

माझा स्वभाव असा की एक गोष्ट पटली की सगळीकडे तीच दिसायला लागते. मग काही महिने जी पिंपल्स घेऊन येईल तिला मी ‘हवा’ सांगायचे. डॉक्टरीणबाईंनी यालाही लगाम घातला. पिंपल्सच्या मुळाशी वय असतं, हार्मोन्स असतात, घराणं असतं. आईबापांना आले असतील तर मुलांना येण्याची शक्यता जास्त. पीसीओडी असलेल्या मुलींना हनुवटीवर, जबड्याच्या कडेला येतात. हवा त्यात भर घालते, आहे ते चिघळवते. चीनमध्ये बीजिंगला २०१२ ते २०१४ या काळात दवाखान्यात पिंपल्ससाठी आलेल्या साठ हजारांच्या जवळपास भेटींचा हवेच्या नोंदींशी मेळ घातला होता, ते त्यांनी मला सांगितलं. धूलिकण आणि नायट्रोजन डायऑक्साइड वाढलेल्या दिवसांत रुग्ण वाढलेले दिसले, पण सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत नेमकं उलटं निघालं. मला हे ऐकून बरं वाटलं. आमच्या धंद्यात कुठल्याही क्रीमच्या बाबतीत ‘उलटं निघालं’ असं कुणी कधी सांगत नाही.

हवेतलं रसायन चेहऱ्याचं काय करू शकतं याचं टोक बघायचं असेल तर इटलीतलं सेवेसो बघा, असंही त्या म्हणाल्या होत्या. १० जुलै १९७६ ला तिथल्या रसायनांच्या कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला आणि पुढच्या महिन्यांत जवळपास दोनशे जणांना, त्यांत बहुतेक लहान मुलांना, गालांवर, कानांमागे गाठी नि पुळ्या आल्या. त्याला क्लोरॅक्ने म्हणतात. मला लगेच २००४ साली पेपरात आलेला युक्रेनचे पुढारी युश्चेंको यांचा फोटो आठवला. देखणा माणूस, आणि काही महिन्यांत गाल खडबडीत, राखी. तेही डायॉक्सिनच, पोटात गेलेलं. सिंहगड रस्त्याचं तसं काही नाही, हे मलाही कळतं. पण धुराच्या कणांना चिकटलेली काही रसायनं पेशींमध्ये ज्या वाटेनं जातात, ती वाट हीच आहे, एवढं ऐकून मी स्क्रबचा डबा केराच्या टोपलीत टाकला. साडेतीनशे रुपयांचा होता, अर्धा भरलेला.

हिंजवडीवाली माझ्याकडे आली ती २०२१ च्या दिवाळीच्या आसपास. नुकतं ऑफिस पुन्हा सुरू झालं होतं. वय अठ्ठावीस, कॉलेजात असताना आले नाहीत तेवढे पिंपल्स आता आलेले. गालांच्या खालच्या भागात आणि जबड्यावर. घरून नवले पूल, तिथून महामार्गानं वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड असं ती स्कूटरवरून जायची. जाताना वीस-बावीस किलोमीटर, येताना तेवढंच, आणि बहुतेक वाट ट्रकच्या मागून. त्यात तेव्हा इकडे सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम सुरू झालं, तिकडे चांदणी चौक खोदलेला. आमच्या पुलाची एक बाजू २०२४ मध्ये खुली झाली आणि बाकीच्या २०२५ मध्ये; तोवरच्या वर्षांत माझ्या काचेच्या दारावर सकाळी पुसलं तरी दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं.

तिनं आधी काय काय केलं होतं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. दिवसातून पाच वेळा फेसवॉश. बेसन-हळद. लिंबू. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून मेडिकलमधून ‘गोरं करणारं’ एक मलम. ते मलम मी ओळखते. त्यात स्टेरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा काचेसारखा गुळगुळीत होतो आणि लावायचं थांबवलं की आग, लाली, पुळ्या सगळं दामदुप्पट परत येतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारनं नियम कडक केले, तरी दुकानदाराला ‘ती पिवळी ट्यूब’ म्हटलं की मिळतं. तिला मी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. पैसे घेतले नाहीत, कारण काही केलंच नव्हतं.

आता तिच्या स्कार्फची गोष्ट. पुण्यातल्या मुली स्कार्फ कसा बांधतात ते सगळ्यांना माहीत आहे; डोळे तेवढे दिसतात, बाकी ओळख पटत नाही. ऊन अडवायला तो चांगला, यात वाद नाही. पण एकदा ती बेडवर असताना तिचा स्कार्फ खुंटीवरून खाली पडला, मी उचलला, आणि नाकाशी नेल्यावर त्याला पेट्रोल पंपावर येतो तसला वास आला. विचारलं, ‘धुतेस कधी?’ म्हणाली, ‘रविवारी. कधी कधी.’ क्लीनअप चालू असताना मी माझ्या मदतनीस पोरीला सांगितलं, वॅक्सचे नॅपकिन भिजवायच्या पांढऱ्या बादलीत तो स्कार्फ नुसत्या कोमट पाण्यात टाक, साबण नको. बेडवरून उठल्यावर मी तिला बादली दाखवली. पाणी कोऱ्या चहापेक्षा काळं झालं होतं, आणि तळाशी गाळ, बोटांत धरला तर खरखरीत. दुसरं पाणी तसंच. तिसऱ्या पाण्यात बादलीचा तळ दिसायला लागला. जिथे तोंडासमोर कापड येतं तिथे एक लंबगोल डाग होता, तो गेलाच नाही.

ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ‘काकू, हे मी आठवडाभर गालावर घासत होते?’

घासतच होती. घट्ट बांधलेलं कापड, आत घाम, श्वासाची वाफ, वर हेल्मेटचा पट्टा. पिंपल्स नेमके त्याच पट्ट्यात होते. बारीक कण तर त्या कापडाच्या विणीतून सहज आरपार जातात. म्हणजे जे थांबवायला हवं ते थांबत नाही, आणि जे थांबतं ते गालाला घासत राहतं. आम्ही दोघींनी मिळून उपाय काढला तो अगदी साधा: मऊ सुती सहा स्कार्फ, रोज एक, रोज धुवायचा. सकाळ-संध्याकाळ दोनदाच सौम्य फेसवॉश. घरी पोचल्यावर लगेच चेहरा धुवायचा, चहा नंतर. बाकी औषध डॉक्टरांचं. तिला पीसीओडी होता हेही तिथेच निघालं, त्यामुळे कशानं किती फरक पडला ते मला सांगता येणार नाही. सहा महिन्यांनी नव्या पुटकुळ्या कमी झाल्या. डाग राहिले. आपल्या रंगाच्या कातडीवर पिंपल जातो पण त्याची सावली राहते, आणि ऊन-धुरात ती लवकर फिकी होत नाही.

लॉकडाउनचं इथे सांगायला हवं. २८ जून २०२० ला पार्लर उघडायची परवानगी मिळाली, पण फक्त केस, वॅक्सिंग, थ्रेडिंग. चेहऱ्याच्या कातडीचं कुठलंच काम नाही. तीन महिन्यांनी पहिल्यांदा भिंगाच्या दिव्याखाली भुवया करायला घेतल्या आणि मी चकित झाले. एरवी भुवयांच्या मधे, कपाळावर बारीक दाणे असणाऱ्या मुली, आणि कपाळ कसं लखलखीत! मी मनात म्हटलं, बघा, हवा. रस्ते बंद होते ना. पण मग एकेकीनं मास्क खाली केला. नाकाखाली, हनुवटीवर पुरळच पुरळ. तेव्हा तोंडातला घास तोंडातच राहिला. कपाळ चांगलं झालं ते धूर नव्हता म्हणून, की झोप पुरी झाली म्हणून, की बॉस समोर नव्हता म्हणून? मला वाटतं तिन्ही. पण हवेचा वाटा त्यात नव्हता असं मात्र मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. त्या एप्रिलमध्ये माझ्या गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर असा दिसायचा, की जणू शेजारच्या इमारतीवर आहे.

आणि उलट बाजूनंही मी ते पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही पार्लरच्या बायका सिंहगडावर गेलो होतो, पहाटे निघून. सूर्य वर आला तेव्हा मी शहराच्या बाजूला बघितलं. पुण्याच्या डोक्यावर एक तपकिरी पट्टा होता. वर निळं आकाश, खाली तो पट्टा, मधली कड सरळ, दुधावरच्या सायीसारखी. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते आणि वरच्या उबदार हवेखाली दबून राहते. त्यात आपलं शहर डोंगरांच्या मधे, वाटीत. रात्रभराचा धूर त्या वाटीत साचतो आणि ऊन तापेपर्यंत हलत नाही. नेमक्या त्याच वेळी मुली गाड्या काढतात. हवेचा अंदाज सांगणारी ‘सफर’ ही सेवा पाषाणच्या आयआयटीएममधूनच चालते, पुण्यात ती २०१३ पासून आहे. तिचं अॅप मी फोनवर घेतलंय आणि हिवाळ्यात सकाळी सात आणि दुपारी तीनचे आकडे ताडून बघते. आपल्याकडे पीएम २.५ ची वर्षाची मर्यादा एका घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. हे दोन आकडे मी आरशाच्या कडेला चिकटवलेत. गिऱ्हाइकं समजतात, कसल्यातरी ऑफरचे दर आहेत.

गडावरून तो पट्टा बघताना मला आणखी एक आठवलं आणि पिठलं-भाकरी गोड लागेना. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन थंडीत पाचोळा पेटवून शेकत बसायचा. त्याला रिकामे खोके कोण द्यायचं? मी. क्रीमचे खोके, वॅक्सच्या कागदी पट्ट्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा. कचरागाडी चुकली की सोपं पडायचं. कित्येक हिवाळे दिले. रात्री पेटवलेलं ते सगळं सकाळी मुलींच्या गालांवर, आणि मी कापसानं पुसून त्याचे पैसे घेत होते. खोके द्यायचे मी बंद केले. वॉचमन अजून शेकतो. त्याला थंडी वाजते, मी त्याला एक जुनी शाल दिली, ती तो गावी घेऊन गेला.

सकाळी आमचा रस्ता झाडायला एक मावशी येतात. साडेसहाला, तोंडाला पदर घट्ट बांधून, लांब दांड्याचा झाडू घेऊन. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाच्या आधी त्या पहिल्यांदा माझ्या पार्लरमध्ये आल्या. दारातच चपला काढल्या. मी म्हटलं, ‘राहू द्या हो मावशी.’ त्या म्हणाल्या, ‘पाय मळके हायत.’ बेडवर झोपायलाही तयार नव्हत्या, चादर खराब होईल म्हणून.

सात बोळे लागले. आठव्याला कापसाचा रंग दिसला. पण एकही पिंपल नव्हता चेहऱ्यावर, सबंध आयुष्यात कधी आला नव्हता म्हणे. मी ज्या हिशेबानं मुलींचे रस्ते ओळखत होते, तो हिशेब तिथे कोसळला. सगळ्यात जास्त धूळ खाणारी बाई, आणि पुटकुळी नाही. होतं ते वेगळंच. गालांच्या उंचवट्यांवर तपकिरी वांग, कातडी जाड आणि कोरडी, डोळ्यांच्या कोपऱ्यांत खोल सुरकुत्या. त्यांचं वय त्रेचाळीस. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि दिसायला मोठ्या. डॉक्टरीणबाईंनी जर्मनीतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं ते आठवलं. सत्तरीतल्या चारशे बायकांची कातडी तपासली होती, आणि जिथे गाड्यांचा धूर, काजळी जास्त, तिथल्या बायकांच्या कपाळावर, गालांवर डाग वीस टक्क्यांनी जास्त निघाले होते. २०१० मध्ये ते छापून आलं. त्या गोऱ्या बायका होत्या आणि रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या. रस्ता झाडणाऱ्या नव्हत्या.

मी मावशींना मसाज दिला, कोरफडीचा गर लावला, मॉइश्चरायझर दिलं, सनस्क्रीनची एक ट्यूब हातात ठेवली. त्यांनी ट्यूब उलटसुलट बघितली. ‘ह्यानं काय हुतंय?’ मी म्हटलं, ‘डाग वाढत नाहीत.’ त्या हसल्या. ‘पोरीला देते. तिला नवं घर हाय.’

लग्न झाल्यावर त्या पेढे घेऊन आल्या. सकाळची वेळ, मी नुकतंच शटर उघडलं होतं. गॅलरीतल्या दोरीवरून हिंजवडीवालीचा विसरून राहिलेला एक स्कार्फ काढून घडी घालत होते. पेढे देऊन त्यांनी पदर नाकावर ओढला, मागे खोचला, झाडू उचलला. पुलाखालच्या दुभाजकाशी कालची बारीक माती साचली होती. मी दारात उभी राहून बघत होते, त्यांनी मागे वळून हात हलवला.

‘ताई, शटर घ्या खाली. धूळ येईल आत.’